सरबताच्या बाटलीतलं फिनेल

चिमणे,

कल्पना कर, एका घरात एक निवृत्त मास्तर आजोबा आहेत. रिकामी बाटली टाकवेना, म्हणून त्यांनी फिनेल सरबताच्या बाटलीत भरलं. काल धाकटा नातू ती तोंडाला लावणार, तेवढ्यात त्याच्या ताईने झडप घालून हिसकावली.

आज ते घरातली असली सगळी जहाल रसायनं घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायला गेलेत. यापुढे फरशीला साधं साबणाचं पाणी. साबणचुऱ्याचा डबा नाव चिकटवून वरच्या फळीवर ठेवलाय. परत आल्यावर ते आईला स्वतःच सांगतील. तू त्यांना पाठीशी घालू नकोस.

आणि काल त्या ताईने पुढे काय केलं? "मास्तर, कान धरा!" म्हणाली, आणि मग त्यांच्याच कुशीत शिरून हमसाहमशी रडली.

— कान धरलेले तुझे मास्तर आजोबा