फाटकचेंडूची पहिली फेक

१४ मार्च, सोमवार, दुपार

चि. मोठोबा यास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आणि वर्तमानपत्राचं कात्रण पोचलं. इथे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, वरची बाई अजून माझ्याच खिडकीवर धुणं निथळत ठेवते आणि मी अजून तिच्याशी भांडते. म्हणजे तब्येत उत्तम.

फाटकचेंडू तू पुन्हा सुरू करतोयस, कर बापडा. पण हा खेळ ‘कामगारांच्या विरंगुळ्यातून जन्मला’ असं छापून आणलंस, तेव्हा हसावं की रडावं कळेना. अरे, कातडी कमावण्याच्या कारखान्यात संप होता. तुझे आजोबा आत कामावर, आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, बाहेर संपकऱ्यांत. बाहेरून फाटकावरून दगड यायचे, आतले तेच परत भिरकावायचे. पकडताना हात फुटू नये म्हणून कुणीतरी एका दगडाला ओलं कातडं गुंडाळलं. मग तोच दगड दिवसभर इकडून तिकडे. लोक झेल मोजायला लागले, हसायलाही लागले. शेवटी काकांनी फेकला तो आजोबांच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा गालावर आला होता. हा तुमचा विरंगुळा.

फाटकाशी उभं राहून फेकणाऱ्या फाटकवाल्यानं डाव्या डोळ्यावर पट्टी बांधायची, हा नियम तुला ‘गमतीदार’ वाटतो ना? तो तिथून आला.

संप मिटला, खेळ राहिला. दर वर्षी आतले विरुद्ध बाहेरचे, मधे छातीएवढं फाटक. चेंडू कातड्याचा, आत कातड्यांवरून खरवडलेले केस. तो मऊ व्हावा म्हणून रात्रभर भिजवायचे, त्यामुळे चांगला जड लागायचा.

तुझ्या बायकोचा खोकला गेला का? गरम पाणी पी म्हणावं.

टाळतेय मी, कळतंय मला. तू मागितलेला चेंडू कपाटावरून काढला. शिवण उसवली होती, म्हटलं घालून देते चार टाके. बोट आत गेलं, तर केसांच्या मधोमध दगड लागला. अंड्याएवढा, चिंधीत नीट गुंडाळून बसवलेला.

खेळ बंद पडला त्या वर्षी हा चेंडू आजोबांनी स्वतः शिवला होता, स्वयंपाकघरात बसून. “हात लावाल तर हात मोडीन,” म्हणाले होते आम्हाला. पहिली फेक आतल्या फाटकवाल्याची. समोर काका, दोन्ही हात पसरून हसत होते. “टाक की दादा, बघू जोर!”

चेंडू कानशिलावर बसला. काका उभेच्या उभे कोसळले. कानातून रक्त, टाचा मातीत घासताहेत, आणि काकू किंचाळत त्यांचं डोकं मांडीवर घेतेय. आजोबा फाटकावरून उडी मारून आले. त्यांनी आधी चेंडू उचलला, मग भावाला.

सगळे म्हणाले, भिजलेला चेंडू जडच असतो, खेळात लागलं. काका त्यातच गेले आणि खेळ बंद झाला. परवापर्यंत मीही तेच मानत होते. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपले, मोठोबा. आता त्या पायांची आठवण आली तरी संताप होतो.

रविवारी आतून तू आणि बाहेरून तुझा धाकटा भाऊ उभा राहणार, असं कात्रणात आहे. घराच्या वाटणीपासून तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि पहिली फेक ‘आजोबांच्याच चेंडूनं’ हा हट्ट तुझा. आतल्या दगडाचं तुला माहीत नव्हतं, असं मी धरून चालते. मला तसंच धरून चालू दे.

चेंडू माझ्या जुन्या स्वेटरची लोकर भरून शिवला आहे आणि पाठवते आहे. भिजवू नकोस. पट्टी बांधू नकोस. दोन्ही डोळ्यांनी धाकट्याकडे बघ, मग फेक.

दगड माझ्याकडे आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण एकट्याच्या हातात देणार नाही. न्यायचा तर दोघांनी मिळून या.

तुम्हा दोघांची,
आत्या