सतरा चिलटं

चंदीगड, २ सप्टेंबर १९७४

प्रिय प्रतिमा,

बाळंतपणाला माहेरी जाताना विद्यापीठातल्या तुझ्या खोलीची किल्ली तू माझ्या हातात ठेवलीस आणि चिलटांना जप म्हणालीस, तेव्हा तुझा मला किती हेवा वाटत होता हे तुला कळलं नसणार. आपण दोघी एकाच वर्षी इथे संशोधनाला आलो, तू नागपूरहून, मी साताऱ्याहून. तुला हे शहर सहा महिन्यांत मानवलं. तू भाजीवाल्याशी पंजाबीत घासाघीस करू लागलीस, मोठ्या इस्पितळातला डॉक्टर नवरा मिळाला, आणि आपले मार्गदर्शक सर तर तुझं नाव घेतल्याशिवाय चहा पीत नाहीत. मी सहा वर्षांनीही जानेवारीत दोन स्वेटर घालून कुडकुडते आणि मेसमधल्या राजम्याने माझं पोट बिघडतं. कामात मी तुझ्याहून तसूभरही कमी नाही. पण हे सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही.

जूनमध्ये तुझं पत्र आलं. मुलगी झाल्याचं होतं, आणि खाली दोन ओळींत, व्याख्यात्याची जागा सर तुझ्यासाठीच राखून आहेत असंही होतं. तो शुक्रवार होता, बाहेर इथली ती कोरडी, भाजणारी लू चालली होती. फळांवरच्या त्या चिलटांच्या चोवीस बाटल्या तू चार वर्षं पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या होत्यास. खोलीतला कूलर चालू ठेवायचा आणि त्यात बादलीने पाणी भरायचं, एवढंच माझं काम. मी दुपारी दोनला कूलर बंद केला आणि दाराला कुलूप लावलं. रविवारी वसतिगृहातल्या मुलींबरोबर पिंजौरच्या बागेत जाऊन कुल्फी खाल्ली. छान लागली, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी आठला दार उघडलं. बाटल्यांतलं मक्याच्या पिठाचं खाणं सुकून काचेपासून सुटलं होतं आणि तळाशी मेलेली चिलटं, मोहरी सांडावी तशी. एका बाटलीत मात्र सतरा हलत होती. ताजं खाणं शिजवून मी त्यांना त्यात सोडलं आणि कूलर बिघडला होता असं सरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तुला एवढ्यात काही कळवायला नको म्हणाले.

त्या सतरांचा वंश वाढला. ऑगस्टमध्ये मी त्यांची पतवंडं पुन्हा कोरड्या बाटलीत ठेवली आणि शेजारी सरांकडची साधी चिलटं. साधी संध्याकाळपर्यंत आडवी झाली, ही दुसऱ्या दिवशीही काचेवर चढत होती. अंडी कमी घालतात, सावकाश वाढतात, पण तग धरतात. सर हरखले. कोरड्या हवेत टिकणारा वाण मी मुद्दाम निवडून काढला असं त्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. आता त्या जागेसाठी माझं नाव पुढे आहे. प्रतिमा, परवा सर पहिल्यांदाच माझं नाव घेऊन चहा प्याले, आणि मला ते फार आवडलं.

आता लेख लिहायला बसले आहे. तक्ते झाले, निष्कर्ष झाले. फक्त ‘पद्धत’ या मथळ्याखाली चार दिवस पेन सरकत नाही, कारण पहिली पिढी कशी निवडली, किती तास कोरडी ठेवली आणि कशासाठी, हे तिथे लिहावं लागतं. तास मला पाठ आहेत, सहासष्ट. कारण तू होतीस. उद्या सरांना सगळं सांगेन म्हणते आहे, पण तसं मी परवाही म्हटलं होतं, म्हणून हे पत्र आधी टपालपेटीत टाकते. मुलाखत वीस तारखेला आहे, तोवर सरांना ते दाखवायला तुला वेळ मिळेल. माझा हेवा गेला असं मात्र समजू नकोस, तो आहे तिथेच आहे. पण चिलटं तुझी होती. तुझ्या जूनमधल्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही. मुलीचं नाव काय ठेवलंस?

तुझीच,
नलिनी