दुखण्याची दहा सेंटिमीटर रेघ

साल्तो, मंगळवार

तीर्थस्वरूप एतेल्विनाताईस धाकट्या नेलिदाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच समज). तुझा दमा कसा आहे? भावोजींचं घोरणं? इकडे संत्री उतरलीत, एक खोका बसने पाठवते.

संधिवाताच्या नव्या औषधाच्या अभ्यासात मी नाव घातलंय, ते तुला ठाऊकच आहे. (निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या, कुणाला काय, हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत नसतं.) दर महिन्याला एक कागद पुढे येतो. त्यावर दहा सेंटिमीटरची रेघ. डावं टोक म्हणजे काहीच दुखत नाही, उजवं म्हणजे असह्य. आपलं दुखणं जिथे असेल तिथे फुली मारायची. आता डॉक्टर मिकाएला पोर इतकी गोड, माझ्या नातवाची परीक्षा कशी गेली तेही विचारते. तिला तोंडावर कसं सांगायचं, की बाई, तुझ्या गोळ्यांनी दुखणं तसूभर हललं नाही? म्हणून मी फुली दर महिन्याला जराशी डावीकडे सरकवत गेले. चौथ्या महिन्यात मी अगदी ठणठणीत झाले. कागदावर.

मग काल तिने माझा एकेक सांधा दाबून पाहिला. मी असं काही "आई गं!" केलं, की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नेलिदाबाई, ही फुली कुणी मारली?"

"मीच. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"अहो, औषध निकामी असेल तर तेच मला कळायला हवं! तुमच्या या भिडेपायी उद्या हजारो बायका उगीच गोळ्या गिळत बसतील."

ताई, माझी मानच खाली गेली. चारही महिन्यांची कबुली दिली. तिने जुन्या फुल्या तशाच ठेवून शेजारी माझी कबुली तारखेसह लिहिली (खोडायचं नसतं म्हणे), आणि नव्या रेघेवर मी खरी फुली मारली, पार उजवीकडे. "म्हणजे काहीच बदललं नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, सकाळी बोटं दहा वाजेपर्यंत आखडलेली असायची, ती हल्ली आठलाच सुटतात.

"मग हे आधी का नाही बोललात?"

"रेघेवर घड्याळ कुठे होतं?"

ती पोट धरून हसली आणि तेही लिहून घेतलं. माझे आकडे धरायचे की नाही ते वरची मंडळी ठरवतील; मला मात्र काढलेलं नाही. आता यापुढे खरं तेच सांगायचं, असं मी ठरवलंय.

तुझी,
नेलिदा

ता. क. जवळच्या माणसाकडूनही एक कागद भरून हवाय: 'रुग्णाची चिडचिड किती?' दर आठवड्याला फोनवर माझ्याशी भांडणारी तूच, म्हणून तुझं नाव दिलंय. अगदी खरं तेच लिही.

आणखी ता. क. सोबतच्या कागदावरच्या रेघेवर खरं काय तिथे मी पेन्सिलीने खूण करून ठेवलीय. तू फक्त शाईने गिरव.