ऐकणाऱ्यांचे चेहरे

बाबा, तुम्ही गेल्यापासून टीव्हीची पार वाट लागलीय. मालिकेतल्या सासवा अजून दागिने घालूनच झोपतात, एक थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, आणि जुन्या गाण्यांना नवे ठोके लावून तीच परत ऐकवतात. सिनेमे अधूनमधून बरे निघतात, पण बाहेर पडताना एक गाणं ओठांवर राहील तर शपथ. हे सगळं मी मोबाइलवर व्हिडिओ करून बडबडते आणि बरीच माणसं ऐकतातसुद्धा. मुलुंडच्या खोलीत दर रविवारी तुमच्याशी भांडायचे ना, तेच चालू आहे. नियमही तुमचाच. गाणाऱ्याकडे बघू नकोस, तो नटतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघ, ते खोटं बोलत नाहीत.

मी दहावीत असताना आपल्या बिल्डिंगमधली माणसं बस करून त्या गाण्याच्या स्पर्धेच्या शूटिंगला टाळ्या वाजवायला गेली. परीक्षा होती म्हणून मला नेलं नाहीत, आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग तो भाग लागला. एक मुलगी अंगाई गातेय आणि मधेच पडद्यावर तुम्ही. डोळे भरलेले, ओठ घट्ट दाबलेले. आजोबा गेले तेव्हाही न रडलेला माणूस! आई हातातलं लाटणं घेऊन तशीच बाहेर आली. मी विचारलं, बाबा, खरंच रडलात? तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तू लहान होतीस ते आठवलं गं." त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली तुम्हाला काय ठाऊक. नोकरी गेली, घटस्फोट झाला, प्रत्येक वेळी तो चेहरा आठवायचे. म्हणायचे, माझा बाप माझ्यासाठी सगळ्यांसमोर रडलाय, मी काही अशीतशी नाही.

गेल्या महिन्यात अंधेरीच्या एका स्टुडिओत तसल्याच कार्यक्रमाला मला खास बोलावलं. सकाळी आठला आम्ही खुर्च्यांवर. गाणारे अजून यायचे होते, रिकाम्या स्टेजवर एक जण झाडू मारत होता. माइकवाल्या मुलीने आधी आमच्याकडून टाळ्या घेतल्या, मग हसणं, मग तोंडाचा आ. मग म्हणाली, "आता रडायचं हं. घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांना आठवा." कॅमेरा चेहऱ्यांवरून फिरला आणि झालं. हे तुकडे नंतर गाण्यात जोडतात म्हणे. चहाच्या सुट्टीत मी बाहेर येऊन आपल्या शेजारच्या काकींना फोन लावला, त्या दिवशी त्या तुमच्या बाजूला बसल्या होत्या. त्या हसायलाच लागल्या. "अगो, गाणारे खय इले हुते तेवा? आमची रडारड सकाळीच उरकली. तुझ्या बाबांका तर तीनदा रडूक लावल्यानी."

तीनदा. म्हणजे आधी दोनदा तुम्हाला जमलंच नाही. कॅमेऱ्यासमोर रडलात त्याचा मला राग नाही, तिथे सगळेच करतात. पण घरी माझ्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हा कुठे कॅमेरा होता? आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं, दर रविवारी, मला चेहरे बघायला सांगत राहिलात. तुम्हाला माहीत होतं, बाबा. त्या चेहऱ्यांवर विसंबून मी कोणाला डोक्यावर घेतलं, कोणाची पिसं काढली, मित्रमैत्रिणींशी भांडले. फसवलंत तुम्ही मला. मालिकावाल्यांनी फसवलं तर मी त्यांची टर उडवते. तुमची कशी उडवू?

परवा आमचा भाग लागला. कोणीतरी सुरेख गात होतं आणि मधेच मी, नाक लाल, गाल ओले. माझा शॉट पहिल्याच फटक्यात ओके झाला होता. ती मुलगी म्हणाली कोणी गेलेलं आठवा, आणि तुम्हीच आलात, दुसरं कोण येणार? लेकीने टीव्ही तिथेच थांबवला. "आई, तू खरंच रडलीस? एवढं भारी गात होता तो?" खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"हो गं," म्हटलं, "गाणंच तसं होतं."

हात तिच्या डोक्यावर होता, ते नंतर लक्षात आलं. आता हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून साड्यांच्या खाली सरकवून ठेवतेय.