एक तुला, एक मला

।। श्री बसवेश्वर प्रसन्न ।।

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
बाळाप्पाचा शरणार्थ. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघंही तिसऱ्या वाक्याला आवाज चढवतो आणि पाचव्याला फोन ठेवून देतो, म्हणून म्हटलं कागद बरा.

मी जूनमध्ये मोजणी खात्यातून निवृत्त झालो. पस्तीस वर्षं लोकांच्या बांधावरून चाललो, आता घरातल्या घरात चालतो आणि विद्याश्रीच्या पायात येतो. काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी पेठ वडगावला माहेरी जाऊन राहते, अशी धमकी तिनं दिली. उद्योग सापडला. नीलकंठबुवा ऐनापुरे यांच्या सगळ्या रेकॉर्डी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं ऐकायच्या. एकूण बावीस. अप्पांनी त्या एकेक करून जमवल्या, प्रत्येक पाकिटावर आपल्या हातानं नंबर घातला, पण लावायचे मात्र मनाला येईल ती. ओळीनं आपल्या घरात कुणीच ऐकलेल्या नाहीत.

अडचण तुला ठाऊक आहे. अप्पांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा आपण चटईवर बसून एक तुला, एक मला, अशा वाटून घेतल्या. तू थोरली म्हणून पहिली तुझी. त्यामुळं एक, तीन, पाच असे विषम नंबर तुझ्याकडं नेसरीला आणि सम माझ्याकडं. मोजणीवाल्याला शोभेल अशी वाटणी झाली, इंचाचा फरक नाही. फक्त ओळीनं ऐकायचं म्हटलं तर ती कामाची नाही.

तेव्हा तुझ्या अकरा एकेक करून पाठवशील का? आकारामचा दुधाचा टेम्पो तुमच्या दारावरून रोज इकडं येतो. ऐकून झाली की त्याच्याच हाती परत पाठवीन, ओरखडा पडू देणार नाही.

आणखी एक. नऊ वर्षं आपलं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं आहे. माझं काय चुकलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. सापडत नाही आणि त्याचा त्रास होतो. तू सांगितलंस तर बरं वाटेल.

तुझी नात निशिगंधा हिला आशीर्वाद. पूर्वीचा लोभ थोडा जरी शिल्लक असेल तरी मला चालेल.

तुझा भाऊ,
बाळाप्पा


नेसरी
दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. बाळाप्पास, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून सातबाऱ्यासारखंच आहे, वाचायला तलाठी बोलवावा लागेल. मी निम्मं वाचलं, निम्मं निशिगंधानं.

पहिली रेकॉर्ड पाठवते आहे. माझ्या जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळली आहे, रेकॉर्डीबरोबर लुगडंही परत यायला हवं. पहिल्या बाजूला भूप आहे. बुवा तेव्हा तिशीतले, घाई फार. तबलजी त्यांच्या मागून धापा टाकत येतो. दुसऱ्या बाजूला कानडी वचन आहे, तिथं मात्र ते एकदम घरात बसल्यासारखे होतात. ओळीनं ऐकणार म्हणतोस तर बाजूही ओळीनंच लाव, अप्पांसारखी आवडती आधी लावू नकोस.

काय चुकलं विचारतोस. तुझं तुला कळेल ते खरं. मी सांगून कळलेलं मला नको आहे.

इकडं ऊस उभाच आहे, तोडणीची टोळी आलेली नाही. माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक. विद्याश्रीला सांग, आक्का म्हणते ह्याला काम लाव, भाजी निवडायला लाव.

जेवढी माया आहे तेवढी आहेच, त्यात वाढघट मागू नये.

तुझी आक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
शरणार्थ. सा. न. वि. वि.

बारावी काल संपली. मी एक वही केली आहे. तारीख, नंबर, राग, किती वेळ, आणि शेरा. विद्याश्री तिला पंचनामा म्हणते.

ओळीनं ऐकण्यात एक गोष्ट होते, माणूस म्हातारा होताना ऐकू येतो. चौथीपर्यंत बुवा ताना मोकाट सोडतात, दम काढायला बघतात. सातवीला त्यांना आपण चांगलं गातो हे समजलेलं आहे आणि ती रेकॉर्ड मला सगळ्यांत कमी आवडली. दहावीपासून ते थोडं थांबू लागतात. माझा शेरा तिथं 'स्थिर' असा आहे, याहून चांगला शब्द मला सुचला नाही. आठवीच्या वेळी इथं तालमीच्या फुटबॉल संघानं मॅच जिंकली आणि पेठेत हलगी सुरू झाली, त्यामुळं ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. नियम तो नियम.

तुझ्या चिठ्ठ्यांचा मात्र फार उपयोग होतो. तिसरीच्या दुसऱ्या बाजूला तबलजी खाकरतो, हे तू लिहिलं नसतंस तर माझ्या कानावरून गेलं असतं. अकरावीत बुवा एक ओळ विसरतात आणि आकारानं भरून काढतात, तेही बरोबर. इतकं बारीक ऐकणारी तू एकटीच. रोज लावत असशील, नाही का? तुझ्या मशीनला सुई कुठली आहे ते कळव. माझी घासली आहे, अप्पांच्या मशीनला बसेल अशी इथं मिळेना.

तेरावी पाठव. काय चुकलं, त्यावरही विचार चालू आहे. अजून शेरा लिहिण्याइतकं काही हाती आलेलं नाही.

माया राहू दे, घट तरी करू नकोस.

बाळाप्पा


नेसरी
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. बाळाप्पास, अनेक आशीर्वाद.

तेरावी आणि पंधरावी दोन्ही पाठवते, आकाराम पुढचे चार दिवस गावाला जाणार आहे. चौदावी तुझ्याकडं आहेच. पंधरावी ऐकताना हसू नकोस. त्या साली बुवांनी नवी कवळी बसवली होती, त्यामुळं स म्हणताना शीळ वाजते. अप्पा ती बाजू लागली की मला डोळ्यानं खुणवायचे आणि अव्वा दोघांना रागवायची. पण त्याच बाजूला शेवटी मारवा आहे, तिथं शीळही विसरायला होते. सतरावीबद्दल पाठवीन तेव्हा लिहीन.

सुईचं मला काही माहीत नाही.

वहीत शेरे लिहितोस ते चांगलं. पण सातवी तुला आवडली नाही हे वाचून वाईट वाटलं. ती पुन्हा ऐक. घाई करू नकोस, ती तुझी नोकरी नव्हे.

तुमची दोघांची आठवण येते, हे लिहून ठेवते, बोलायला जमत नाही.

आक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २८ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

अठरावी शुक्रवारी संपली. सतरावी परत न्यायला आकाराम काल आला, विद्याश्रीनं त्याला चहाला वर बोलावलं. मशीन बघून त्यानं विचारलं की हे काय हाय. मी सांगितलं की रेकॉर्ड लावायचं मशीन, तुमच्या आक्कांकडं असतं तसलंच. त्यावर तो म्हणाला की आक्कांकडं असलं काय बी न्हाय. रेकॉर्डी पत्र्याच्या ट्रंकेत असत्यात, आक्का सणासुदीला त्या काढून पुसतात आणि परत ठेवतात, बस्स.

तो गेल्यावर मग वाटणीचा दिवस आठवला, नीट, पहिल्यापासून. आपण चटईवर रेकॉर्डी वाटत होतो तेव्हा गणपतराव मामा म्हणाले की मशीन जड आहे, ते मुलाकडंच राहू द्या. मी ते रिक्षात घातलं. तू अकरा रेकॉर्डी मांडीवर घेऊन एसटीनं गेलीस. मी इंच न् इंच मोजला आणि मशीन मोजायचं विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही, ते माझंच आहे असं मी धरून चाललो. नऊ वर्षं मी माझ्या अकरा हव्या तेव्हा लावल्या आणि तुझ्या अकरा ट्रंकेत मुक्या राहिल्या. आणि वर तुलाच सुई विचारली. मला फार लाज वाटते आहे, आक्का.

तू लिहिलेलं सगळं आठवणीतून होतं, हे आता कळलं. अप्पा गेल्यापासून तू त्यातली एकही ऐकलेली नाहीस.

आज मशीन पाठवतो आहे. गादीत गुंडाळून दुधाच्या कॅनांच्या मध्ये घट्ट बसवलं आहे. नवी सुई पुण्याहून मागवली, ती बसवली आहे. सपाट जागी ठेव, खाली पाट घाल. बरोबर माझ्या अकराही आहेत. आता बावीसच्या बावीस तुझ्याकडं. एकोणीस ते बावीस माझ्याकडून ऐकायच्या राहिल्या, त्या राहू देत. वही बंद केली.

राग गेला का, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतो.

बाळाप्पा


नेसरी
दि. २२ जानेवारी २०२६

चि. बाळाप्पास, अनेक आशीर्वाद.

मशीन सुखरूप आलं. आकारामनं आणि आमच्या सुनेनं आत आणलं, निशिगंधानं जोडलं. पहिले दोन दिवस मी ते नुसतं पुसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेतात गेल्यावर पहिली लावली.

तुला गंमत सांगते. भूप मला पाठ होता, अगदी तुला लिहिला तसा. पण बुवा मध्येच श्वास घेतात. चांगला ऐकू येण्यासारखा घेतात. माझ्या आठवणीत ते सलग गायचे. नऊ वर्षं मी त्या माणसाला दम घेऊ दिला नव्हता. मी रडले, नाही असं नाही. मग उठून दुसरी बाजू लावली.

मला मशीन हवं होतं असं नाही रे. निशिगंधानं मोबाईलवर शोधून दिलं होतं, बुवांच्या दोन चिजा निघाल्या, त्याही अर्ध्यात तोडलेल्या. नवं मशीन घ्यायचंही घरात निघालं होतं, मीच नको म्हटलं. त्या दिवशी तुम्ही सगळे रिक्षाशी उभे होता, तेव्हा आक्का ऐकणार कशावर, एवढं एकानं विचारायला हवं होतं. मामांनी नाही विचारलं तर नाही. तू विचारायला हवं होतंस. ते लागलं मला, फार लागलं. आणि मीही तोंडानं सांगितलं नाही, आपल्या घराची रीतच तशी.

राग गेला का विचारतोस. किती गेला ते मोजायला तूच साखळी घेऊन ये. मशीन मात्र परत मिळणार नाही, हे आत्ताच सांगते, म्हणजे मागून कुरकुर नको.

सातवीबद्दल तुझं बरोबर होतं. बुवा जरा फुगलेले आहेत त्यात.

येताना विद्याश्रीला आण आणि चार दिवसांच्या बेतानं या, तासाभरात उठून जाऊ नका. वहीही आण. माझ्या अठरा ऐकून झाल्या. एकोणिसावी पाकिटातून काढून मशीनवर ठेवली आहे, सुई टेकवलेली नाही.

वाट बघते,
तुझी आक्का