आबांच्या पोटावरच्या रेघा

आश्विन वद्य दशमी, सन १९५८. अमळनेर
मुंबईहून आलो. आबा म्हणजे आमचे हे. नाव कसं लिहू, नात म्हणते तेच लिहिते. लघवीच्या जागी कॅन्सरची गाठ. विजेचा शेक अर्धा झाला, अर्धा दिवाळीनंतर. शेक कुठे द्यायचा ते तिथल्या डॉक्टरांनी पोटावर जांभळ्या शाईने आखलंय, चौकोन. पुसू नका म्हणाले. आज आबा मळ्यापर्यंत चालत गेले. "कंबर दुखत नई शे." लगेच शिरा केला. तूप जास्तच पडलं, पडू दे.

द्वादशी
जळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालूच. बायकांच्या अंगातला रस असतो म्हणे त्यात. दुखणं उतरलं, पण आबांची छाती भरून आली, हात लागला तरी हुळहुळते. कोणासमोर बंडी काढत नाहीत. न्हावी दारातून परत. मी म्हटलं, चार लेकरं पाजली मी, माझ्यापुढे कसली लाज. हसले थोडे.

चतुर्दशी
वर्षाची अंघोळ चुकवायची कशी. माझ्यासमोर बंडी काढली. रेघांवर फडकं बांधलं होतं, तरी तेल ओघळलं, उटणं चोळताना फडकं सरकलं. पाहते तर चौकोनाची एक बाजू गेली, दुसरी अर्धी.
आबा म्हणाले, "तूच काढ. रोज रांगोळी काढस ना. कोणले कळत नई."
नातीची जांभळी पेन्सिल ओली करून काढली. बेंबीखाली चार बोटं, डॉक्टरांनी मोजली तशी. हुबेहूब. फार बरं वाटलं.

पाडवा
ओवाळलं. पण सकाळपासून एकच मनात. चार बोटं माझी की डॉक्टरांची? शेक भलतीकडे बसला तर…
आबांना म्हटलं, डॉक्टरांना सांगून टाकते. ते म्हणाले, "पुन्हा उघडं करतील, चार जणांपुढे निजवतील." ताट तसंच सारलं.

तृतीया. जळगाव
गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे आलो. आबा बंडीची गुंडी धरून बसलेले. मीच बोलले, तेल, उटणं, पेन्सिल, सगळं. डॉक्टर रागावले नाहीत. वाकून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आजी, रेघ सरळ आहे. जागेवर आहे का, ते मुंबईवालेच सांगतील." इंग्रजीत चिठ्ठी दिली.
स्टेशनावर आबा म्हणाले, "ती चिठ्ठी तुन्हाजवळच ठेव." मुंबईच्या गाडीला अजून वेळ आहे.