कडेची नळी

राग्नवाल्ड,

माझा शंखाचा जीवाश्म पाहून तू म्हणाला होतास, “जुनीच जात आहे, दबून वाकडी झालेली. नाद सोड.” मी तुझी विद्यार्थिनी होते, तुझ्या प्रेमातही होते. सोडला.

आईने नाही सोडला. एलांड बेटावरच्या चुनखडीच्या खाणीत फरशा घासताना तसा दगड दिसला की ती बाजूला ठेवायची. नऊ वर्षांत सहा जमले. “आता त्याला दगड दाखव, डोळ्यांतलं पाणी नको,” म्हणाली.

मी सहाही कापून पाहिले. जुन्या जातीत शंखाच्या आतल्या कप्प्यांमधून जाणारी नळी मधोमध असते. या सहांत शंख जराही दबलेला नाही, तरी नळी कडेलाच आहे. जात नवी आहे.

तिला तुझं नाव द्यायचं मी कबूल केलं होतं. आईचं दिलं, हेर्डिस. काल शोधनिबंध स्वीकारला गेला. हे पत्र मी टाकणार नाही. निबंध तू वाचशीलच.

सॉल्वेग